वखारीच्या खिडकीतला भाव आणि जमिनीचा सौदा

प्रश्न : ही वाचक महाराष्ट्रातून कॅनडाला गेली आणि विनिपेगमध्ये इतिहासात पीएच.डी. करते आहे. तिसरं वर्ष संपत आलं आहे. विषय आहे इंग्रजांची हडसन बे कंपनी आणि तिथले मूलनिवासी क्री लोक यांच्यातला फरचा व्यापार. ठिकाण यॉर्क फॅक्टरी, म्हणजे हडसन उपसागराकाठची कंपनीची वखार; काळ १७१४ ते १७६३. कंपनीच्या वह्या वाचताना तिला दिसलं की क्री व्यापारी कसून घासाघीस करत, खराब माल नाकारत आणि प्रतिस्पर्धी फ्रेंच व्यापाऱ्यांचं नाव पुढे करून भाव वाढवून घेत. एका चर्चासत्रात तिने हे मांडलं, तेव्हा एका क्री अभ्यासकाने विचारलं, "हे लिहून मदत कोणाला होणार? आणि आमच्यातल्या कोणाशी तुम्ही बोललात?" तिला उत्तर देता आलं नाही. गाइड म्हणतात, दफ्तर पुरेसं आहे, पुढे चला. 'ते हुशार व्यापारी होते' असं लिहिलं तर कंपनी निर्दोष ठरेल, याची तिला धास्ती आहे. 'ते फसवले गेले' असं लिहिलं तर आकडे तसं सांगत नाहीत. आपणही वसाहत झालेल्या देशातल्या, मग आपल्याला परकं का धरतात, हेही तिला खुपतं. विषय सोडून सुरत-राजापूरच्या इंग्रज वखारींकडे वळावं का, असं ती विचारते. घरचे तर म्हणतातच, की तिकडच्या कातड्यांचं तुला काय करायचंय.

उत्तर :

तुमच्या पत्रात एक वाक्य निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आलं आहे : ते चांगले व्यापारी होते असं लिहिलं तर कंपनी सुटते. या वाक्यात दोन वेगळे व्यवहार एकत्र झाले आहेत. एक व्यवहार वखारीच्या खिडकीतला. बीव्हर या पाणथळ प्राण्याची कातडी द्यायची आणि बंदूक, किटली, ब्लँकेट, तंबाखू घ्यायची. दुसरा जमिनीचा. पहिल्यात क्री माणसं समोर उभी होती, बोलत होती, नकार देत होती. दुसऱ्यात त्यांना कोणी विचारलंच नाही. २ मे १६७० रोजी इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने सनद दिली आणि हडसन उपसागराला मिळणाऱ्या नद्यांचं सगळं खोरं कंपनीच्या नावे केलं. पुढे १८६९-७० मध्ये कंपनीने ते ३ लाख पौंड घेऊन आणि सुपीक पट्ट्यातला विसावा हिस्सा स्वतःकडे राखून सोडून दिलं, ते कॅनडाकडे गेलं. दोन्ही कागदांवर तिथे राहणाऱ्या माणसांची संमती नाही. १७४० साली बंदुकीचा भाव कमी करून घेणाऱ्या माणसाने त्याबरोबर आपली नदी विकली, असं कोणत्याही वहीत लिहिलेलं नाही. हे दोन व्यवहार प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात वेगळे मांडा. निष्कर्षापर्यंत थांबू नका, कारण वाचणारे बरेचजण प्रस्तावना वाचूनच मत बनवतात.

आता तुमच्या आकड्यांकडे येऊ. चर्चासत्रातल्या त्या प्रश्नाला खरा आधार तिथे सापडेल, आणि गफलतही तिथेच होते.

कंपनीच्या हिशेबाचं एकक 'मेड बीव्हर', म्हणजे चांगल्या प्रतीचं, नीट तयार केलेलं एक पूर्ण बीव्हरचं कातडं. दरपत्रकं दोन असत. एक विलायती मालाचं. त्यात १७४० च्या आसपास यॉर्क फॅक्टरीला लांब बंदुकीचा दर १४ मेड बीव्हरच्या घरात आहे. दुसरं मार्टेन, अस्वल, लिंक्स वगैरे बाकीच्या कातड्यांचा हिशेब बीव्हरमध्ये करण्यासाठी. ही अधिकृत पत्रकं वर्षानुवर्षं फारशी बदलत नाहीत. ती पाहून कोणी म्हणेल की भाव स्थिर होते, घासाघीस कसली? घासाघीस अधिकृत दराच्या बाहेर चालायची. वखारीचा मुख्य अधिकारी मालाच्या अधिकृत किमतीपेक्षा जास्त कातडी वसूल करायचा, बहुतेकदा मापात मारून. जास्त आलेल्या या कातड्यांना वह्यांत 'ओव्हरप्लस' म्हटलं आहे. आपण वरकड म्हणू. तुमचा सगळा युक्तिवाद या वरकडावर उभा आहे.

एक कल्पित उदाहरण घ्या. एका हंगामात अधिकृत दराने १०,००० मेड बीव्हरचा माल खिडकीतून गेला आणि १५,००० मेड बीव्हरची कातडी जमा झाली. वरकड ५,०००, गुणोत्तर १.५. म्हणजे क्री माणसाला अधिकृत दराच्या दीडपट मोजावं लागलं. पण खिडकी उघडण्याआधी भेटींचा सोहळा होई. चिलीम ओढली जाई, भाषणं होत, आणि तांड्याच्या म्होरक्याला कोट, पिसांची टोपी, तंबाखू, ब्रँडी मिळे. त्याच्या माणसांनाही वाटा जाई. हा खर्च वरकडातूनच भागवला जाई. समजा, भेटींचा माल १,२०० मेड बीव्हरचा होता. मग क्री लोकांच्या हाती आलेला एकूण माल ११,२०० चा, आणि गुणोत्तर साधारण १.३४. भेटी विसरलात तर वसुली फुगते. भेटी दोनदा धरल्यात, एकदा मालाच्या खर्चात आणि एकदा वेगळ्या, तर कंपनी उगाच उदार दिसते. दोन्ही चुका सहज होतात, कारण भेटींची नोंद काही वर्षी स्वतंत्र यादीत असते आणि काही वर्षी मालखर्चाच्या पोटात. दरवर्षीच्या वहीसाठी तक्त्यात एक रकाना फक्त 'भेटी कुठे नोंदल्या' यासाठी ठेवा.

तिसरी गफलत अन्नाची. वखारीजवळ राहणारे क्री, ज्यांना कंपनीचे लोक 'होमगार्ड' म्हणत, ते हिवाळ्यासाठी हंस आणि रानबदकं मारून देत, मांस आणत, बर्फावर चालायचे जोडे पुरवत. त्यांना मिळालेला माल हा फरचा मोबदला नव्हे. तो वेगळा काढला नाही तर फरचा भाव चुकतो, आणि वखार स्थानिकांच्या शिकारीवर किती अवलंबून होती ही मोठी गोष्ट हिशेबात बुडून जाते.

एवढं करून गुणोत्तर वर्षागणिक मांडलंत की फ्रेंचांचा प्रभाव नुसता म्हणण्यापुरता उरणार नाही, दाखवता येईल. १७३० च्या दशकात फ्रेंच शोधक-व्यापारी ला व्हेरेंड्री याची ठाणी विनिपेग सरोवराच्या भागात पोचली आणि यॉर्क फॅक्टरीकडे येणाऱ्या होड्यांना दुसरी वाट मिळाली. युरोपात बीव्हरचे भावही चढत होते. वरकडाचं गुणोत्तर उतरलं तर क्री लोकांची पत वाढली, चढलं तर कंपनीची. त्याच मालिकेत कातड्यांच्या एकूण संख्येवरही डोळा ठेवा. चांगला भाव मिळाला म्हणून जास्त शिकार झाली आणि बीव्हर घटले, हा त्या भावाचाच दुसरा परिणाम आहे, आणि तो लपवण्याचं कारण नाही.

आकड्यांच्या शेजारी एक वर्णन ठेवा. कंपनीचा अधिकारी अँड्र्यू ग्रॅहम याने अठराव्या शतकात व्यापारापूर्वीच्या क्री भाषणाचा मजकूर नोंदवून ठेवला आहे. त्यात म्होरक्या सांगतो, तुमच्या माणसांना माप भरून द्यायला सांगा, काठाच्या आत बोटं घालू देऊ नका. वरकड कसं जमा होत होतं हे खिडकीच्या दोन्ही बाजूंना ठाऊक होतं, असा याचा अर्थ. फसवणूक होती, ती ओळखली जात होती, तिला तोंडावर विरोध होत होता, आणि तरी दरवर्षी होड्या येत होत्या. 'फसवले गेले' की 'हुशार होते' अशी निवड तुम्ही स्वतःवर लादून घेतली आहे. दफ्तर ती तुमच्याकडे मागत नाही.

वर्षांबद्दलही जपा. तुमचा काळ १७६३ ला संपतो, पण 'मूलनिवासी-युरोपीय संबंध' हा शब्दप्रयोग तुम्ही अख्ख्या दोनशे वर्षांसाठी वापरता आहात. १७४० साली यॉर्क फॅक्टरीचे मूठभर लोक उपसागराच्या काठावर क्री शिकारीवर हिवाळा काढत होते. १७८१-८२ च्या देवीच्या साथीने आतल्या प्रदेशातली कुटुंबंच्या कुटुंबं गेली. १८२१ साली प्रतिस्पर्धी नॉर्थवेस्ट कंपनी हडसन बे कंपनीत विलीन झाली आणि दुसरा गिऱ्हाईक उरला नाही. कंपनीचा गव्हर्नर जॉर्ज सिम्प्सन याच्या कारभारात भेटी आणि उधारी दोन्हींवर चाप बसला. त्यानंतरच्या वह्यांतून निघणारा निष्कर्ष तुमच्या निष्कर्षाच्या उलटही असू शकेल. म्हणून प्रत्येक विधानाला वर्ष आणि वखार जोडा. 'क्री लोक भाव ठरवत' असं लिहू नका. 'फ्रेंच स्पर्धेच्या अमुक ते अमुक वर्षांत यॉर्क फॅक्टरीला वरकडाचं गुणोत्तर इतकं उतरलं' असं लिहा.

ही काटेकोर भाषा आणखी एका कारणासाठी लागते. कॅनडात व्यापारी कंपन्यांची कागदपत्रं न्यायालयात पुरावा म्हणून जातात. जमिनीच्या हक्काच्या डेलगामूक खटल्यात, ज्याचा निकाल कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली दिला, विल्यम ब्राऊन नावाच्या कंपनीच्या व्यापाऱ्याची १८२० च्या दशकातली टिपणं गिटक्सान या मूलनिवासी लोकांची व्यवस्था दाखवण्यासाठी मांडली गेली होती. त्याच निकालात मौखिक परंपरेलाही पुरावा म्हणून जागा मिळाली. तुमचं एखादं सैल वाक्य उद्या एखादा वकील उचलेल, मागचं-पुढचं गाळून. ज्यांनी तुम्हाला 'मदत कोणाला होणार' असं विचारलं, त्यांच्या डोळ्यांसमोर हेच असू शकतं. तो प्रश्न तुमच्या प्रामाणिकपणावर नव्हता.

आता त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. कोणाशी बोललात?

गाइडचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. वरकडाचा हिशेब करायला कोणाची मुलाखत लागत नाही. पण तुमच्या प्रबंधात एक प्रकरण स्त्रियांवर आहे, आणि तिथे दफ्तर पुरत नाही. थनाडेलथर या डेने (क्रींहून वेगळे मूलनिवासी लोक) स्त्रीचंच पाहा. क्री टोळीच्या कैदेतून ती सुटली, यॉर्क फॅक्टरीला आली, आणि १७१५-१६ मध्ये कंपनीच्या विल्यम स्टुअर्टबरोबर जाऊन तिने क्री आणि डेने यांच्यात तह घडवला. त्याच्या आधारावर १७१७ साली चर्चिल या ठिकाणी वखार उभी राहिली. वखारीचा प्रमुख जेम्स नाइट तिच्या मृत्यूने हळहळला, हे त्याच्या रोजकीर्दीत दिसतं. तरी त्याच रोजकीर्दीत तिचा उल्लेख 'गुलाम बाई' असा आहे. तिचं नाव डेने लोकांनी तोंडी परंपरेत राखलं म्हणून आज तुमच्या प्रबंधात लिहिता येतं. हे उदाहरण घेऊन गाइडना सांगा की प्रश्न सौजन्याचा नाही. एका स्रोतात जे नाहीच ते दुसऱ्यात आहे.

कातड्यांच्या बाबतीतही तेच. 'कोट बीव्हर' म्हणजे बराच काळ अंगावर वापरलेलं कातडं. वापराने वरचे राठ केस झडून जात आणि टोपीच्या नमद्याला लागणारी मऊ लव उरे. ते खरवडणं, शिवणं, तयार करणं हे मुख्यतः बायकांचं काम. वहीत दिसतो तो ते घेऊन आलेल्या पुरुषाचा तांडा. कातडं मोजलं जातं, काम मोजलं जात नाही.

थनाडेलथरच्या मृत्यूची तारीख लिहिताना सांभाळा. इंग्रज १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन पंचांग वापरत आणि त्यांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. रोजकीर्दीतला १७१६ चा फेब्रुवारी म्हणजे आपल्या हिशेबाने १७१७ चा फेब्रुवारी. फ्रेंच मात्र ग्रेगोरियन पंचांगावर होते, अठराव्या शतकात ११ दिवस पुढे. तुम्ही फ्रेंच आणि इंग्रज दोन्ही कागद एका घटनाक्रमात गुंफता आहात, तेव्हा तक्त्यात मूळ तारीख आणि बदललेली तारीख असे दोन रकाने हवेतच. नाहीतर तारीख काही दिवसांनी नव्हे, अख्ख्या वर्षाने चुकू शकते. पुढच्या काळात उतरलात तर कंपनीचं 'आउटफिट' (हिशेबाचं) वर्ष १ जून ते ३१ मे असतं, हेही ध्यानात असू द्या.

रोजकीर्द कोणासाठी लिहिली जात होती हेही विसरू नका. तिची नक्कल कंपनीच्या लंडनमधल्या संचालक समितीकडे जाई. भाव पडला किंवा कातडी कमी आली की 'इंडियन (म्हणजे मूलनिवासी) आळशी आहेत' अशी नोंद येते. समितीला कारण द्यायचं असे. अशा प्रत्येक नोंदीच्या शेजारी त्या वर्षीचं गुणोत्तर आणि फ्रेंच ठाण्यांची बातमी लावून पाहा. 'आळस' बऱ्याचदा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलेला माल निघतो.

आता 'मीही वसाहतीतलीच' याबद्दल. ही भावना खोटी नाही, आणि तिला इतिहासाचा आधारही आहे. ज्या दुसऱ्या चार्ल्सने १६७० साली रूपर्टभूमीची, म्हणजे हडसन उपसागराच्या त्याच खोऱ्याची, सनद दिली, त्यानेच १६६८ साली मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने दिलं होतं. मराठी वाचकाला हे सांगितलं की त्याला कातड्यांचा विषय लगेच जवळचा वाटतो. घरच्यांनाही सांगून पाहा. पण पुढे वाटा फुटतात. मुंबई त्याला पोर्तुगालकडून हुंड्यात मिळाली होती. रूपर्टभूमी त्याच्याकडे कोणीच सोपवली नव्हती. आपल्याकडे कंपनी फौज आणि महसूल घेऊन राज्यकर्ती झाली, आणि शेवटी इंग्रज निघून गेले. तिकडे वसाहतवाले आले ते राहिले, आणि तुम्हाला व्हिसा, शिष्यवृत्ती, ग्रंथालयाचं कार्ड देणारं सरकार त्याच वसाहतीचं आहे. विनिपेग मूलनिवासींशी १८७१ साली झालेल्या पहिल्या कराराच्या भूमीवर वसलं आहे, आणि तुम्ही तिथल्या भाडेकरू आहात. भारताचा पासपोर्ट असल्याने हे नातं बदलत नाही.

शिवाय स्वतःला एक प्रश्न विचारा. पारध्यांना 'गुन्हेगार जमाती' कायद्याखाली गुन्हेगार ठरवणाऱ्या सरकारी अहवालांवर उद्या एखादी बाहेरची विद्यार्थिनी, एकाही पारधी माणसाला न भेटता, पारधी समाजाबद्दल प्रबंध लिहायला निघाली, तर तुम्ही तिला काय सांगाल? बहुधा लिहू नकोस म्हणणार नाही. आधी जाऊन भेट म्हणाल. तेच तुम्हाला सांगितलं गेलं आहे.

मग जायचं कुठे? यॉर्क फॅक्टरीची वखार १९५७ साली बंद झाली आणि तिथल्या लोकांना यॉर्क लँडिंगला हलवलं गेलं. यॉर्क फॅक्टरी फर्स्ट नेशन (मूलनिवासी समाजाचं अधिकृत नाव) आज तिथे आहे. फॉक्स लेक आणि शमाट्टावा हे समाजही त्याच परिसरातले. थनाडेलथरसाठी डेने समाजांकडे जावं लागेल, उदाहरणार्थ टॅडूल लेकचे सायिसी डेने. त्यांना १९५६ साली चर्चिलला नेऊन टाकण्यात आलं होतं आणि त्या वर्षांच्या जखमा अजून ताज्या आहेत. क्री आणि डेने वेगळे लोक, वेगळ्या भाषा, वेगळ्या परिषदा. एकाच पत्रात दोघांना गुंडाळू नका.

पहिलं पत्र चीफ आणि कौन्सिलला (समाजाचे निवडून आलेले प्रमुख आणि पंचायत), बँड ऑफिसच्या, म्हणजे त्यांच्या कचेरीच्या, पत्त्यावर. ओळखीतून एखाद्या वृद्धाचा फोन नंबर मिळवून थेट मुलाखत मागणं ही नेहमीची चूक आहे. त्यामुळे त्या व्यक्तीवर समाजाच्या वतीने बोलण्याचा भार पडतो, आणि कौन्सिलला आपल्याला वळसा घातला गेला असं वाटतं. पत्र एका पानाचं, सैद्धांतिक शब्दांशिवाय : तुम्ही कोण, कोणत्या वह्या वाचल्यात, काय दिसलं, काय समजत नाही, आणि त्यांना काय देऊ शकता. नील्सन नदीवरच्या धरणांमुळे यॉर्क फॅक्टरी, फॉक्स लेक यांसारखे समाज वर्षानुवर्षं सर्वेक्षणं, सुनावण्या आणि सल्लागार झेलत आले आहेत. तुम्ही त्यांच्याकडे जाणाऱ्या शंभराव्या बाई असाल. म्हणून पत्रात आधी विचारा की पूर्वी नोंदवलेल्या मुलाखती समाजाकडे आहेत का, आणि त्या पाहायला मिळतील का. नव्या मुलाखतींची मागणी लगेच करू नका.

देण्यासारखं तुमच्याकडे भरपूर आहे. रोजकीर्दीत येणारी माणसांची नावं, त्यांची निरनिराळी स्पेलिंगं, तारीख, आले कुठून, आणलं काय, आणि पानाचा दफ्तर-क्रमांक (बी.२३९/ए रोजकीर्दींसाठी, बी.२३९/डी हिशेबांसाठी) अशी यादी तुम्ही तशीही करत असाल. ती नीट टंकून त्या पानांच्या प्रतींसकट समाजाला द्या. वंशावळी जुळवणाऱ्या आणि जमिनीच्या हक्कांवर काम करणाऱ्या लोकांना तिचा उपयोग तुमच्या प्रबंधापेक्षा आधी होईल. दफ्तर १९७४ साली लंडनहून विनिपेगला आलं आणि १९९४ साली मॅनिटोबाला कायमचं दिलं गेलं. कंपनीची दुकानं २०२५ साली बंद पडली तरी ते सुरक्षित आहे. पण यॉर्क लँडिंगहून विनिपेग गाठणं खर्चाचं आहे. तुम्ही तिथे रोज जाता.

विद्यापीठाची नीतिसमिती वेगळी. केवळ खुल्या दफ्तरावर चालणाऱ्या कामाला बहुधा तिची मंजुरी लागत नाही, पण एक जरी मुलाखत घेणार असाल तर आधी मंजुरी, मग मुलाखत. कॅनडाच्या केंद्रीय अनुदान संस्थांच्या नीतिधोरणाचं नववं प्रकरण फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी लोकांसंबंधीच्या संशोधनाबद्दल आहे. अर्ज लिहिण्याआधी ते पूर्ण वाचा. ध्वनिमुद्रणाची मालकी कोणाची, प्रत कुठे राहणार, नाव छापायचं की नाही, नंतर परवानगी मागे घेतली तर काय, याची उत्तरं लेखी करारात असू द्या. मालकी, नियंत्रण, पोच आणि ताबा या चार तत्त्वांना तिकडे 'ओकॅप' म्हणतात. समाज ती विचारेल. मानधन आणि दुभाषाचा खर्च अनुदानाच्या अर्जात आत्ताच घाला, नंतर तो स्वतःच्या खिशातून जातो. वृद्धांना तंबाखू भेट देण्याची रीत बऱ्याच ठिकाणी आहे, सगळीकडे नाही; समाजातल्या संपर्क व्यक्तीला विचारून ठरवा. आणि वेळ सढळ धरा. कौन्सिलच्या निवडणुका असतात, गावात मृत्यू होतो, नदी गोठते-सुटते तेव्हा वाहतूक अडते. उत्तर आलं नाही म्हणजे नकार आला असं समजू नका. महिन्याभराने पुन्हा एकदा विनम्रपणे विचारा.

सुरत-राजापूरचं काय? तो विषय उत्तम आहे आणि कधीतरी कराच. पण आज तिकडे वळलात तर इंग्रजी कागदांसाठी लंडन, पोर्तुगीज कागदांसाठी गोवा, आणि मराठी बाजूसाठी मोडी शिकणं, असं सगळं पुन्हा पहिल्यापासून येईल, आणि तीन वर्षांची वाचलेली दफ्तरं पडून राहतील. आपल्या लोकांचा इतिहास लिहिताना हा प्रश्न कोणी विचारणार नाही असंही समजू नका. वखारीला माल विणणारे, वाहणारे, पुरवणारे यांचे आजचे वंशजही विचारतील.

गाइडशी वाद घालण्यापेक्षा प्रकरणं वाटून घ्या. भाव आणि वरकड यांची दोन प्रकरणं दफ्तरावर पूर्ण करा. ती थांबवून ठेवू नका. स्त्रियांचं प्रकरण शेवटी ठेवा आणि त्याचं रूप समाजाच्या उत्तरावर अवलंबून राहील हे आराखड्यात लिहा. बैठकीनंतर ठरलेलं ई-मेलने त्यांना कळवा, म्हणजे सहा महिन्यांनी 'हे ठरलं नव्हतं' होणार नाही. प्रबंधाच्या समितीत मूलनिवासी इतिहासाचा एखादा अभ्यासक घेता येईल का, हे विभागात विचारा. ज्यांनी तुम्हाला प्रश्न विचारला, त्यांना लगेच समितीवर बोलावू नका. आधी दुरुस्त केलेला तक्ता पाठवा आणि त्यांचं मत विचारा. ते वाचतीलच असं नाही. मूलनिवासी अभ्यासकांकडे अशा विनंत्या रोज येतात, हेही समजून घ्या.

कौन्सिलने नकार दिला तर? मुलाखतींशिवाय, खुल्या दफ्तरावर आणि छापून आलेल्या मौखिक परंपरेवर लिहा. कोणाला, कधी विचारलं आणि उत्तर काय आलं हे प्रस्तावनेत दोन ओळींत नोंदवा, तक्रारीच्या सुराशिवाय. नावांची यादी तरीही पाठवा. ती मुलाखतींच्या बदल्यात देऊ केलेली वस्तू नव्हती. आणि थनाडेलथरवरचं प्रकरण लहान करा. तिच्याबद्दल नाइटने काय लिहिलं एवढंच तुमच्या हाती असेल, तर त्या प्रकरणाचा विषय नाइटची रोजकीर्द आहे असं मथळ्यातच म्हणा.